हलकं काहीतरी

सामुद्रधुनीवरून वारा सुटला की
पोर्वेनिरमध्ये आधी पत्रे बोलतात, मग माणसं.
अशाच एका दुपारी डोन झ्वोनिमिरांचा निरोप आला:
यंत्र मेलं. येताना पाव आण.

मेलं नव्हतं.
वीस वर्षांचं झालं होतं, एवढंच.
पाठीवर लोकर सहकारी संस्थेचा पुसट शिक्का,
पंख्यात मेंढरांची खरीखुरी लोकर,
चिमट्याने काढली तर मूठभर निघाली.
मेमरी एक जीबी.
अंथरूण तेवढंच,
आणि आतली जुनी प्रणाली
पाय पसरून, घोरत.

तीस वर्षं ते सामुद्रधुनीच्या तोंडाशी
बिनतारी खोलीत बसले.
आता रोज पहाटे सहाला वाऱ्याचा वेग नोंदवतात,
कुणी मागत नाही तरी.
अठ्ठ्याहत्तरपासूनचे आकडे, आधी वह्यांत, मग या डब्यात.
नवीन घ्या, असं पुतण्या म्हणाला, डॉक्टर म्हणाले,
पाववालीसुद्धा म्हणाली.
ते म्हणाले, हलकं काहीतरी बघ. फुकटचं.
आणि माझं मला उघडून बघता येईल असं.

मी तीन पेनड्राइव्ह नेले.
बसवायचं नाही, नुसतं चालवून बघायचं,
दुकानातच बूट घालून चार पावलं टाकतात तसं.

पहिली देखणी.
निळे डोंगर, गोल कोपरे, सावल्या.
किटलीला दोनदा उकळी आली तरी
बाण हाताच्या मागून रखडत येत होता.
पंखा कोकलू लागला.
पाहुणी आहे, ते म्हणाले. राहायची नाही.

दुसरी माझी लाडकी.
कुत्र्याच्या पिलाचं नाव, पिलासारखीच चपळ,
सगळी मेमरीतच मावते.
मी मातेत साखर घालेपर्यंत
तिने वाऱ्याचा तक्ता उघडून दाखवला.
मी त्यांच्याकडे पाहिलं, जिंकल्यासारखी.
त्यांनी विचारलं, लिहिलेलं कुठे ठेवते?
बंद करताना विचारते, ठेवू का म्हणून.
आणि वीज मध्येच गेली तर?
बाहेर तारा हेलकावत होत्या.
मी दुसरा पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला.

तिसरीला चेहराच नाही.
काळा पडदा, पांढऱ्या ओळी, भराभर वर सरकणाऱ्या.
मी ओशाळले. म्हटलं, हे झाकता येतं,
वर एखादं सुंदर चित्र लावता येतं.
त्यांनी हात वर केला. गप्प.
इंग्रजी त्यांना जहाजांनी शिकवलेलं.
ओठ हलवत ते वाचत गेले:
डिस्क, सापडली.
कळफलक, सापडला.
नेटवर्क कार्ड, सापडलं नाही, पुढे जात आहे.

पेला खाली ठेवला.
पुन्हा दाखव.
मी पुन्हा सुरू केलं.
तिसऱ्यांदाही.

हे कुणी लिहिलं?
पुष्कळांनी.
पैसे घेऊन?
काहींनी. बाकीच्यांनी रात्री जागून.
कुठले?
कुठले कुठले. मलाही माहीत नाही.
त्यांनी मान हलवली.
अनोळखी जहाज उत्तर देतं तेव्हा
नाव कोण विचारतं, म्हणाले,
आधी स्थान विचारायचं.

बसवायला चाळीस मिनिटं लागली.
आतल्या घड्याळाची बॅटरी संपलेली,
यंत्राला वाटत होतं दोन हजार चार साल आहे, एक जानेवारी.
तारीख त्यांनी स्वतः टाइप केली, एका बोटाने,
आणि खाली: पश्चिम, बेचाळीस नॉट.

नेटवर्क कार्डाचं गुरुवारी बघते, मी म्हणाले.
सावकाश ये.
नाही सापडलं तर नाही म्हणतंय ना ते.
एवढं पुरे.

मी कोट चढवला.
आणि पाव?
मी कपाळावर हात मारला.
सापडला नाही, ते म्हणाले,
पुढे जात आहे.
आणि बटाटे उकडायला ठेवले, दोघांपुरते.