हशा क्रमांक चार

विनोद टिपणीस लिहायचे, हशा माझ्याकडे असायचा.
शारजात, रोल्याच्या मागे, टायरच्या दुकानावर स्टुडिओ.
भिंतींना गाद्या ठोकून गप्प केलेली खोली
आणि माझ्या डब्यात सहा हशे.
एक : हलका. दोन : बायकांचा जास्त. तीन : पोट धरून.
चारमध्ये मधेच कुणीतरी खोकतं,
आणि सगळे थांबल्यावर, चांगल्या सेकंदभरानं,
एक पोरगं हसतं.

"हे कोण रे, निसार?"
मला काय ठाऊक. टेप माझ्याही आधीची,
कुठल्याशा हॉलात कुठल्याशा नाटकाला भरलेली.
"उशिरा कळलं त्याला," ते म्हणाले. "पण कळलं."

दोनशे बारा भाग.
ट्रॅफिकमध्ये, गाडीत, बकाल्याच्या बिलांच्या पाठीवर लिहिलेले.
सासूचा व्हिसा महिन्याचा, लोणचं वर्षाचं :
इथे मी तीन टाकला, त्यांनी मान हलवली.
"चार टाक."
मी म्हटलं, साहेब, खोकला ऐकू येतो.
"येऊ दे. माणसं खोकतात."

मग स्पॉन्सरनं हात आखडता घेतला.
टायरवाल्यानं खोली गोदामाला घेतली,
गाद्या कुणीतरी लेबर कॅम्पवर नेल्या, बरंच झालं.
टिपणीस कार्गोच्या ऑफिसात बिलं फाडू लागले,
पेट्यांवर पत्ते : चिपळूण, कोळिकोड, लाहोर.
रात्री इनो पिऊन काय लिहितात, विचारलं
तर म्हणाले, "त्या पोराचं."

पोराचं नाव उशिऱ्या.
त्याला सगळं उशिरा पोचतं :
शाळेची बस, आईची हाक, टोचलेली सुई.
एकदा त्याचं हसूच येत नाही.
म्हणून तो लिफ्टमध्ये शोधतो, वॉचमनच्या थर्मासमध्ये शोधतो,
शेवटी खाडीवर जाऊन खलाशांना विचारतो,
चाचा, कांद्याच्या गोणीत माझं हसू चढलंय का?
पुढचं मी सांगणार नाही. पुस्तक आहे ते.

सांगलीत छापलं. पाचशे प्रती.
कुणीतरी लिहिलं, "भाषा बरी, पण पोरांना जहाज कशाला?"
माझ्या भाच्यानं अकरा प्रती टॉवेलात गुंडाळून आणल्या,
कोकमांना वजन उरलं नाही,
बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

शुक्रवारी मराठीचा वर्ग भरतो, एका डेंटिस्टच्या हॉलात.
सतरा मुलं, सतरंजीवर. 'ळ' आला की अडखळणारी,
अरबीत पहिली येणारी.
टिपणीसांनी चष्मा पुसला. वाचू लागले.
कांद्याच्या गोणीपाशी थांबले,
तिथे त्यांनी जागा सोडली होती, मला दिसली ती,
वीस वर्षं त्या जागा मीच भरत होतो.

काही नाही.
एसी. कुणाच्या तरी बुटाची चेन.
माझा अंगठा मांडीवरच बटण शोधू लागला.
एक, मी मोजलं. सवयच.

आणि मागे, दाराजवळ, चपलांच्या ढिगापाशी बसलेली
एक मुलगी हसली.
एकटीच. मग इतरांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

टिपणीसांनी पुस्तकावरून थेट माझ्याकडे पाहिलं,
जुन्या संशयानं.
मी दोन्ही हात वर करून दाखवले.