दारावर न लिहिलेलं

आमच्याकडे आधी कोड लिहितात,
वर्णन मागाहून आपोआप निघतं,
भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला
वाफेचं पाणी धरावं, तसं.
शिल्लक विचारा, खाते क्रमांक द्या,
आकडा परत मिळेल:
एवढं त्यात व्यवस्थित छापलेलं असतं.
पतपेढीची सेवा, मरोळच्या तिसऱ्या मजल्यावरून चालणारी.
वसईच्या शाखेतून रेबेलो तिला हाका मारायचा
आणि ती त्याला हाकलायची.

तीन दिवस.
"मॅडम, मी चुकतोय कुठे?"
तुम्ही कुठेच चुकत नव्हता, रेबेलो.
निरोपावर सही हवी होती,
वेळेचा शिक्का, पाच मिनिटांच्या आतला,
आणि मजकूर बंद पाकिटात.
पहाऱ्यावरच्याला हे तोंडपाठ होतं,
वर्णनाला ठाऊकच नव्हतं.
नियम आत, कोपऱ्यातल्या एका फाइलीत बसलेले,
पाहुणा बाहेर,
आणि परत पाठवताना आम्ही
एवढंच म्हणत होतो: नाही.

हे 'नाही' मी ओळखते.
मुलुंडची जागा: एक खोली, किचन, चोवीस तास पाणी,
स्टेशनपासून सात मिनिटं, चाललं तर अठरा.
जाहिरातीत सगळं होतं,
गॅलरीतल्या कुंडीचा फोटोसुद्धा.
फोनवर आवाज गोड. मग, "पूर्ण नाव?"
नसीमा परकार.
थोडी शांतता, कुणी कागद चाळतंय अशी.
"अहो, ती कालच गेली."
घाटकोपरची सकाळी गेली.
विलेपार्ल्याची, मी जिन्यात असताना गेली.
दहिसरला एका काकूंनी कोकम सरबत दिलं,
बाई चांगल्या होत्या, खरंच,
आणि ग्लास विसळता विसळता म्हणाल्या,
सोसायटीचं कसं असतं ना...
वाक्य त्यांनी नळाखाली सोडून दिलं.
अकरा जागा. मी लिहून ठेवल्यात.
एकाही पाटीवर अट नव्हती.

पेठेसरांना म्हटलं, आपलं धोरण वर्णनात छापू या.
ते चष्मा पुसत म्हणाले, म्हणजे चोरालाही कळेल.
"सर, कुलूप आहे हे सांगणं म्हणजे किल्ली देणं नव्हे.
चोर तसाही चाचपून बघतोच.
ताटकळतो तो
आपणच बोलावलेला माणूस."
आवाज जरा चढला असावा.
कॉफी मशीनजवळचा मुलगा वळून बघू लागला.

रात्री क्लासच्या डोक्यावर एक ओळ चढवली:
'ॲट'चं चिन्ह, पुढे धोरणाच्या फाइलीचा पत्ता.
पहिल्या खेपेला पत्ता माझ्याच मशीनचा पडला,
सर्व्हरला तो कुठला सापडायला!
दुसऱ्या खेपेला धोरण छापलं गेलं,
पण कशालाच जोडलेलं नाही,
'कुत्र्यापासून सावध' पाटी
जिन्याखाली सायकलीमागे टेकवून ठेवावी, तसं.
पावणेदोनला ते दारावर बसलं.
सही. शिक्का. पाकीट.
हाक मारण्याआधी वाचता येईल अशा जागी.

सकाळी रेबेलोचा फोन:
"आता कळलं, मॅडम, काय घेऊन यायचं ते."
चाचणीच्या खात्यात
सतराशे बेचाळीस रुपये पन्नास पैसे.
कुणाचेच नव्हते ते,
तरी मी आकडा दोनदा वाचला.

दुपारी कुणा छेडांचा फोन आला.
"मरोळ नाक्यालाच आहे, ताई.
वन आरके, पाणी चोवीस तास, लिफ्ट नवी."
मी विचारलं, अट काय?
"अट कसली?" ते हसले.
"सगळं लिहिलंय की जाहिरातीत.
पूर्ण नाव काय म्हणालात?"