पन्नास चिंचोके

हरेश्वर वैती फेकतो, असं अंपायरनं जाहीर केलं
तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता.
नोबॉल. परत नोबॉल. तिसऱ्यांदा हात आडवा झाला
आणि स्लिपमधलं कुणीतरी हसलं : अरे, हा तर नुसता फेकतो!
शिवडी कोळीवाड्यात त्या शब्दाला दोन अर्थ होते,
घरी पोचेपर्यंत हरू थापाड्या ठरला होता.

खांडेपारकर सर म्हणाले, फेकतोस ना? मग नीट फेक.
क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यात,
तीन क्रिकेट सामन्यांच्या सीमारेषा जिथे एकमेकींवर चढायच्या,
तिथे त्यांनी घमेल्यांनी माती ओतून उंचवटा केला होता.
संध्याकाळी फावड्यानं मोडायचा,
पुढच्या रविवारी पुन्हा रचायचा.
होम प्लेट गोदीतल्या जुन्या पट्ट्याच्या रबराची.
मी तिच्यामागे उकिडवा बसलो,
कारण ग्लोव्ह एकच होता आणि तो मला बसला.
असा मी कॅचर झालो. यात कसलंच कर्तृत्व नाही.

लोकांनी हरूला बाजूनं पाहिलं, लांबून पाहिलं.
मला तो डाव्या तळहाताला ठाऊक आहे.
आज घरी भांडून आलाय,
आज जेवलेला नाही,
चेंडू ग्लोव्हात शिरतानाच कळायचं.
एक बोट : सरळ. दोन बोटं : वळणारा.
पोर्ट ट्रस्टनं आम्हा दोघांना नोकरीत घेतलं,
त्याला हातासाठी, मला त्याच्यासाठी.
मनिलाहून त्यानं मला गुडघ्यांचे पॅड आणले,
आईला छत्री.
आई म्हणाली, तिथंपण पडतो?

जालंधर. आठवा डाव. थंडी,
कुणीतरी शेंगा भाजत होतं.
मी दोन बोटं दाखवली,
आणि चेंडू येण्याआधी एक आवाज आला,
जुनं धोतर टरकावं तसा, लहानसा.
हरूनं टोपी काढली, परत घातली.
सरांनी मला विचारलं, हात कसा आहे त्याचा?
मी म्हणालो, ठीक.
अजून अकरा चेंडू फेकले त्यानं. आम्ही जिंकलो.
चषक ऑफिसच्या कपाटावर आहे,
त्यात कुणीतरी टाचण्या ठेवतं.

पुढची वर्षं थोडक्यात सांगता येतात.
शर्ट दांडीवर टाकायला डावा हात.
भांग पाडायला डावा हात.
पगाराच्या वहीतली सही, तीही हळूहळू डाव्यानं.

आता वडाळ्याच्या मैदानात
म्युनिसिपल शाळेची पोरं त्याला सर म्हणतात.
पँटच्या उजव्या खिशात पन्नास चिंचोके.
एक फेक, एक चिंचोका डाव्या खिशात.
उजवा रिकामा झाला की हात बंद,
फायनल असो नाहीतर हेडबाई बघायला आलेल्या असोत.
पोरं कुरकुरतात.
एका बापानं विचारलं, हा कोच आहे की वाणी?

मुनीरा डावखुरी. तिच्या मापाचा उलटा ग्लोव्ह
हरूनं अँटॉप हिलच्या मोच्याकडून शिवून घेतलाय,
तीनदा उसवून.
शनिवारी मला बोलावलं : ये, बस जरा तिच्यासमोर.
बसलो. बसताना गुडघे जे बोलले ते इथे लिहीत नाही.

पोरगी फेकते चांगली.
विसाव्याला माझा तळहात लाल, तिसाव्याला बधिर,
आणि मी मूर्खासारखा खूश.
त्रेचाळिसावा चेंडू किंचित उशिरा आला.
आवाज नव्हता. तिचा चेहरा तोच, च्युइंगम चालूच.
फक्त तळहात.
मी उठून उभा राहिलो. म्हणालो, पन्नास झाले.

नाही झाले! मुनीरा ओरडली. सर, मोजा!

हरूनं उजव्या खिशात हात घातला.
कापडाआडून बोटं हलताना दिसली,
एकेक करत, सात वेळा.
मग त्यानं माझ्याकडे पाहिलं,
जालंधरला पाहिलं नव्हतं इतका वेळ,
आणि मूठभर चिंचोके काढून
डाव्या खिशात टाकले.
झाले, म्हणाला.