जरा मोठ्यानं

पडावच्या त्या हॉटेलातला पोऱ्या दोनदा डोकावून गेला,
तिसऱ्यांदा मॅनेजरला घेऊन आला.
त्याला वाटलं, मारामारी चाललीय.
तसं काही नव्हतं.
कुट्टप्पन एवढंच विचारत होता, मीठ कुणाकडंय.

अकरा म्हातारे, बावीस कान,
त्यातले धड चालणारे सहा. फार तर सात.
बाकीचे आम्ही ठेवून आलो धावपट्टीच्या कडेला,
कापसाचे बोळे कोंबून
इंजिनाशेजारी अंगठा वर करून उभे राहायचो तेव्हा.
कानटोपे यायचे, पण स्टोअरच्या कागदावर.

सोळा वर्षं दोन महिने, एवढं माझं वय
दौलतगंजातून पत्र्याची ट्रंक घेऊन निघालो त्या दिवशी.
आईनं गजक बांधून दिली होती.
जलाहल्लीला पोचेतो तिचा भुगा झाला,
तो पहिल्या रात्री बराकीत चमच्यानं मोजून वाटला.
एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती,
तीळ कळले.

तिथं कानस धरायला शिकलो.
लोखंडाचा चौकोन दुसऱ्या लोखंडाच्या भोकात
असा बसला पाहिजे, की मधून उजेड दिसता कामा नये.
तीन आठवडे नुसतं घासणं.
मोहंतीचा बसेना. रात्री पांघरुणात रडायचा.
लखबीरनं स्वतःचा तुकडा त्याला दिला
आणि ग्राउंडला चकरा मारल्या, रायफल डोक्यावर धरून.
मोहंती म्हणतो, असं काही झालंच नव्हतं.
लखबीर म्हणतो, काय? जरा मोठ्यानं बोल.

नावं मागाहून कळली. आधी शेवटचे तीन आकडे.
फोनात माझ्या अजून 'तीनशे बारा' आहे,
भिसीकर नाही.
गेल्या श्रावणातच पुसायला हवा होता.

दुपारी महाराजपुऱ्याकडून एक जोडी उठली,
छतावरून गेली, वरणाला तरंग आले.
अकरा माना एकाच कोनात.
"दुसऱ्याचा आफ्टरबर्नर उशिरा लागला," मोहंती म्हणाला.
यावर वीस मिनिटं.
मॅनेजर पुन्हा आला.

आणि त्याच्या मागे, दारात, भिसीकर वहिनी.
नागपूरहून एकट्या. गाडी सहा तास धुक्यात अडकलेली,
शालीवर अजून डब्याचा वास.
आम्ही उठलो. काय बोलायचं ते आधी ठरवलं होतं,
ऐन वेळी सगळेच विसरलो.
त्याच बोलल्या, दारातूनच, अख्ख्या हॉलला:
"जेवलात ना माझ्यावाचून?"

दिवसभरात इतका स्वच्छ शब्द कानावर आला नव्हता.
कुणी "काय?" म्हटलं नाही.

बसल्यावर हसल्या. पट्टी तीच, वरची.
"काय करू, चाळीस वर्षं त्यांच्याशी असंच बोलले.
आता हळू येतच नाही मला.
सून म्हणते, आई, ओरडता कशाला.
देवापाशीसुद्धा ओरडूनच मागते.
परवा दूध ठेवलं गॅसवर, म्हटलं, अहो, लक्ष ठेवा!
खालच्या मजल्यावरचे धावत वर आले."

कुट्टप्पननं मीठ त्यांच्याकडं सरकवलं.
लखबीरनं कानातलं यंत्र काढलं, रुमालानं पुसलं,
बराच वेळ पुसलं.

दुसऱ्या दिवशी स्टेशनावर
एसी डब्याची बंद काच. आत वहिनी, ओठ हलताहेत.
आता मात्र कुणालाच काही ऐकू येईना.
तेव्हा मोहंती पुढं झाला, दोन्ही मुठी,
अंगठे बाहेर, हात लांब करत:
चाकाखालचे ठोकळे काढले.
वहिनींनी बॅग मांडीवर ठेवली,
ताठ बसल्या,
अंगठा वर.

भिसीकरनं हे तिला कधी शिकवलं असेल,
आणि कशाला, स्वयंपाकघरात?

गार्डनं शिट्टी दिली म्हणतात.
गाडी हलली तेवढी मी पाहिली.