चकती क्रमांक एकेचाळीस

मुनीरभाईंनी बिस्किटाचा डबा पालथा केला
तेव्हा आवाज नाण्यांसारखा आला नाही,
कोरड्या चिंचोक्यांसारखा आला.
"छावणीचा माल हाय सर. गोऱ्यायच्या मेसातला.
जुगाराच्या चकत्या.
वजनावर न्या, न्हाई तर नगावर."
मी नगावर आणल्या. एकशे बारा.

आता हिंगोलीत रात्री, लाइट असेपर्यंत,
भिंग, टाचणी, ओलं फडकं, ही वही.
हाडाच्या वेगळ्या: त्यांत बारीक काळे ठिपके दिसतात.
शिंपल्याच्या वेगळ्या: गालाला लावल्या की गार,
आणि लवकर ऊब धरत नाहीत.
भाजल्या मातीच्या, कडांना दातरे,
लाल सव्वीस, निळ्या नऊ.

मधोमध अक्षरांची गुंतवळ.
एच आहे, त्याच्या मांडीत सी शिरलेला,
तिसरं आर की के, यात दोन रात्री गेल्या.
उलटी धरली तर मोडीतलं काहीतरी वाटतं;
पण भूमिअभिलेखात एकतीस वर्षं काढल्यावर
मला सगळंच मोडीतलं वाटतं.

आकडा एकीवरही नाही.
कोणती किती रुपयांची, ते टेबलाभोवतीच्यांना ठाऊक.
उठताना कोणी सांगून गेलं नाही.

एकेचाळीसावीला दोन भोकं.
संग्राहक म्हणतील, खराब, बाद.
मी 'दोष' या रकान्यात लिहायला घेतलं
तेवढ्यात स्वयंपाकाच्या गयाबाईंनी
पिठाच्या हातानं ती उचलली:
"आवो, ही तर गुंडी हाय.
माझ्या आज्याच्या बंडीला आशा चार व्हत्या.
मेसात पंखा वढायचा त्यो.
सायेब हरला की रागं रागं फेकायचा,
ह्यो सकाळी झाडताना येचायचा."

चारही सारख्याच होत्या का?
"तीन. चवथी मोठी. ती गळ्यापाशी."

मी नवा वर्ग पाडला.
साहित्य: शिंपला.
अक्षरं: एच, सी, तिसरं अनिश्चित.
छिद्रं: दोन, हातानं पाडलेली, एक जरा तिरकं.
दोष:
(पान कोरडं होईस्तोवर थांबलो, तिथं पीठ सांडलं होतं)
मूल्य: आधीचं माहीत नाही. नंतर, एक गुंडी.

गयाबाई भाकरी थापायला गेल्या.
एकाहत्तर अजून तपासायच्यात.
आता मी अक्षरं नंतर बघतो,
आधी चकती दिव्यासमोर धरतो
आणि मोठी दिसली की
भोकं शोधतो.