धुराची जकात

गुरुवार म्हणजे भोसरीची सुट्टी, विजेचीही.
मशीनं थंड. भट्टीच्या पोटात फक्त
कालची ऊब, हात टेकला तर कळते.

मी ऑफिसात एकटा, इन्व्हर्टरवर.
समोर श्टुटगार्टच्या गिऱ्हाइकाचा तक्ता:
बोल्ट, एम बारा, षट्कोनी डोकं,
दर टनामागे कार्बन किती?

अठ्ठावीस वर्षं बोल्ट विकतोय.
आटे मोजले, ताण मोजला,
मिठाच्या फवाऱ्यात ठेवून
गंज किती तासांनी चढतो तेही मोजलं.
धूर कुणी विचारला नव्हता.
धूर म्हणजे चिमणीतून गेला की गेला.

तळाशी बारीक अक्षरात:
आपण आकडा न दिल्यास आम्ही आमचा धरू.

नाना आठवले.
भवानी पेठेतून निघालेला टेम्पो
दापोडीच्या नाक्यावर उभा,
आणि जकातीचा कारकून तारेच्या भेंडोळ्यांकडे बघून,
काट्यावर न चढवता,
अंदाजपंचे दाहोदरसे
लिहायचा दीड टन.
नाना म्हणायचे, साहेब, एक टन दोनशे किलो.
साहेब म्हणायचा, मग उतरवा सगळं.
नाना भरायचे दीड टनाचे
आणि त्या रात्री जेवायचे नाहीत.

नाका गेला. मला वाटलं, जकात गेली.

काल संध्याकाळी असोसिएशनच्या हॉलमध्ये
वडे होते, चहा होता, आणि युरोप होता.
बोऱ्हाडे टेबलावर हात आपटत म्हणाले,
दीडशे वर्षं कोळसा फुंकला ह्यांनी,
आता दंड आमच्या चिमणीला?
ओसवालशेठ शांत. दंड नाही हो, धंदा.
तिकडच्या कारखानदारांनाही वीज परवडेना,
तेही त्यांच्या सरकारपुढे हेच रडतायत,
फरक इतकाच, त्यांचे वडे गरम असतील.
करार झाला तर दार उघडेल, मागून कुणीतरी म्हणालं.
उघडेल ना, वीणा पानसे म्हणाल्या,
पण उंबऱ्यावर काटा असेल.
वजनाचा की बाभळीचा, तो तुम्ही ओळखा.
हशा पिकला. मीही हसलो.
मग त्यांनीच विचारलं, जरा हळू आवाजात,
आपल्यापैकी कुणी स्वतः मीटर वाचलंय का, कधी?
खुर्च्या सरकल्याचे आवाज.
कुणाला तरी घरी पाहुणे यायचे होते.

म्हणून आज टॉर्च घेऊन शेडमध्ये उतरलो.
मीटरवरची धूळ बाहीनं पुसली.
भट्टीच्या तेलाची वही खिळ्याला टांगलेली,
गैबू मुलाणीच्या अक्षरात, तिरप्या,
तारीख, ड्रम, लिटर. एक दिवस चुकलेला नाही.
आणि काही तारखांपुढे ठिपका.
निळ्या पेनाचा, जोर देऊन काढलेला.

फोन केला. त्याच्या मागे भाजीवाल्यांचा गलका.
ते होय, तो म्हणाला,
दार उघडल्यावर धूर आत फिरतो ना, साहेब,
त्या रात्री झोप येत नाही खोकल्यानं.
त्या दिवसाची खूण.
कशासाठी ठेवतोस?
कशासाठी म्हणजे, तो म्हणाला, असावी.
मग कोथिंबिरीचा भाव विचारायला लागला,
मला नाही, दुसऱ्या कुणाला.

ठिपके मोजले. वर्षाचे एकशे बारा.
एकोणीस वर्षं हा माणूस माझ्या भट्टीवर.
मीही त्याच्यापुढे आकडा धरूनच चाललो होतो,
काट्यावर न चढवता:
शून्य.

श्टुटगार्टवरचा राग आहे अजून. असू दे,
तो खोटा नाही. तीन टक्क्यांवर चालणारा कारखाना आहे हा,
आणि त्यांच्या एका रकान्यात ते तीन टक्के जातील.
लिटर भरले. युनिट भरले.
तारेच्या गिरणीचा आकडा मागितलाय, ते देत नाहीत.
ठिपक्यांना तक्त्यात जागा नाही,
त्याबद्दल श्टुटगार्टला काय विचारणार?

गैबूला विचारता येईल.
उद्या सातला येतो तो, पहिल्या पाळीला.