निष्पन्न

घणसोलीचं समाजमंदिर, शुक्रवारी तीन ते पाच.
टेबलाचा एक पाय आखूड,
त्याखाली माझ्या मालमत्ता कायद्याच्या नोट्स,
घडी घालून.

समोर गोमाबाई मढवी. वय विचारलं तर,
“मिठागरं बुजवली तवा माजा लगीन झाला,
बघ किती व्हतंय.”
मी लिहिते: अंदाजे ६८.

भावांनी नारळी पुनवेला बोलावलेलं.
नवं लुगडं, नारळीभात,
आणि पान वाढायच्या आधी एक कागद.
“आंगठा दे गं बाय.”
सातबाऱ्यावरून ती उतरली ती अशी,
हात धुवायच्या पाण्यात शाई सोडत.

हक्कसोडपत्रावर मला पंधरापैकी चौदा होते.

दळवी मॅडम मागे उभ्या. बोलत नाहीत.
मी वकीलपत्र सरकवते, शाईची डबी उघडते.
गोमाबाई अंगठा मुठीत घेतात,
चार बोटं त्याच्यावर कडी लावल्यासारखी.
“आदी वाच.”

“...सदरहू कामी त्यांनी केलेले सर्व कृत्य
मजवर बंधनकारक राहील...”
“म्हंजे काय?”

मी मागे बघते. मॅडम खिडकीबाहेर.

पुन्हा पहिल्या ओळीपासून,
तांदळातले खडे वेचावेत तसं.
“म्हणजे, कोर्टात तुमच्या वतीनं आम्ही बोलणार.”
“नि मी?”

ते कागदावर नव्हतं.
समासात पेनानं लिहिलं:
मला विचारल्याशिवाय तडजोड नाही.
लिहिताना अक्षर बिघडलं.

“सुनंला दावते,” म्हणत
त्यांनी कागद पदरात बांधला.

पाच वीस. वॉचमन किल्ल्या वाजवतोय.
वहीत ‘निष्पन्न’चा रकाना कोरा.
मॅडम म्हणाल्या, लिही ना:
अशील कागद घरी घेऊन गेली.